दहा-दहा : एक राखीव गडी आणि एका शिक्षकाचा निर्णय

अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो इकडे शाळाशाळांतून खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू वाटोळा नसून दोन्ही टोकांस निमुळता असतो; तो पायानें क्वचितच मारतात, बहुधा हातांत धरून पळतात किंवा पुढें फेकतात. प्रत्येक बाजूस अकरा गडी. ज्यांच्या ताब्यांत चेंडू असेल त्यांस चार प्रयत्न मिळतात आणि तेवढ्यांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. सरकले तर पुन्हां चार प्रयत्न. न सरकले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. म्हणून चौथ्या प्रयत्नाचा भरंवसा वाटत नसेल तेव्हां बहुतेक संघ लाथेनें चेंडू दूर धाडून देतात. शेवटची रेघ ओलांडली म्हणजे सहा गुण, त्यावर लाथेनें मिळविलेला एक ज्यादा गुण, आणि लांबून दोन खांबांमधून चेंडू उडविला तर तीन. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील हकीकत समजण्यास पुरे आहे.

बचाव करणाऱ्या अकरा जणांत सर्वांच्या मागें जो उभा असतो त्यास ‘सेफ्टी’ म्हणतात. नांवाचा अर्थ सुरक्षितता. गांवांत जागल्याचें जें काम तेंच मैदानावर याचें. पुढची फळी फुटली, मधली फळी फुटली, तरी हा फुटतां कामा नये. दहांतील नऊ वेळां त्याच्याकडे कोणी पाहतही नाहीं. दहाव्या वेळीं मात्र ऐंशी हजार डोळे त्याच्यावर खिळतात. १९६६ सालच्या नोव्हेंबरांत असाच एक प्रसंग टॉम शोएन या विद्यार्थ्याच्या वाट्यास आला. त्यानें आपलें काम चोख केलें. त्यानंतर त्याच्या शिक्षकानें काय केलें, याबद्दलचा वाद मात्र अमेरिकेंत पन्नास वर्षें उलटलीं तरी मिटलेला नाहीं.

शोएन हा इंडियाना प्रांतांतील नोटर डेम विद्यापीठाचा विद्यार्थी. तो मूळचा राखणदार नव्हेच. १९६५ सालीं तो संघाचा दुय्यम सूत्रधार होता. सूत्रधार, म्हणजे तिकडील भाषेंत क्वार्टरबॅक, हा चेंडू प्रथम हातांत घेऊन डाव चालवितो. दुय्यमाचें नशीब असें कीं मुख्य गडी धडधाकट असेपर्यंत त्यानें कडेच्या बाकावर बसून राहावें. पुढील वर्षीं टेरी हॅनरॅटी हा नवा, जोरकस फेकीचा मुलगा सूत्रधार झाला आणि शोएनची ती आशाही संपली. परंतु संघाचे शिक्षक (आखाड्याच्या भाषेंत बोलावयाचें तर वस्ताद) आरा पारसीगियन यांची नजर बारीक होती. ज्यास डाव रचतां येतो त्यास दुसऱ्याचा डाव ओळखतांही येतो, हें जाणून त्यांनीं शोएनला उचलून बचावाच्या अगदीं शेवटच्या जागीं उभें केलें. एका मोसमांत हा बाकावरचा गडी संघाचा आधारस्तंभ झाला, आणि १९६७ सालीं तर अखिल अमेरिकन संघांत त्याची निवड झाली.

ही अदलाबदल शक्य झाली त्यास नियमांतील एक फेरफारही कारण होता. १९५३ पासून कित्येक वर्षें तेथील महाविद्यालयीन खेळांत गडी बदलण्यावर कडक निर्बंध होते. ज्यानें चढाई करावयाची त्यानेंच बचावही करावयाचा, अशी जवळजवळ सक्तीच होती. हे निर्बंध हळूहळू सैल होत जाऊन १९६५ पर्यंत पुरते उठले. तेव्हां चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे झाले, आणि ज्यांस पूर्वीं बाकावरच जन्म काढावा लागला असता अशा कितीतरी मुलांना जागा मिळाली. गुणी मुलगा पुढें येण्यास नुसता गुण पुरत नाहीं; तो मावेल अशी चौकटही कोणीतरी आंखावी लागते.

१९ नोव्हेंबर १९६६ रोजीं मिशिगन प्रांतांतील ईस्ट लॅन्सिंग येथें नोटर डेम व मिशिगन स्टेट यांचा सामना झाला. पहिल्यानें त्या मोसमांत आठ सामने जिंकले होते, दुसऱ्यानें नऊ. हरला कोणीच नव्हता. मतदानांत एक पहिल्या क्रमांकावर, दुसरा दुसऱ्या. मैदानावर ८०,०११ प्रेक्षक होते, आणि दूरचित्रवाणीवर सुमारें ३ कोटी ३० लक्ष लोकांनीं तो पाहिला.

या ‘मतदाना’ची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या वादाचें मूळ तेथें आहे. अमेरिकन महाविद्यालयांच्या या वरच्या गटांत त्या काळीं अंतिम सामना नांवाची वस्तूच नव्हती. शंभराहून अधिक संघ, प्रत्येकाचे दहा-अकरा सामने. सर्वांनीं एकमेकांशीं खेळावें हें अशक्य. म्हणून मोसमाच्या शेवटीं देशाचा अजिंक्य संघ कोणता हें मतांनीं ठरे. एका वृत्तसंस्थेसाठीं वृत्तपत्रांचे क्रीडालेखक मत देत, दुसऱ्या संस्थेसाठीं संघांचे शिक्षक. त्या वर्षीं तर शेवटचें मतदान नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या मोठ्या सामन्यांच्या आधींच व्हावयाचें होतें. म्हणजे शिक्षकास दोन लढाया लढाव्या लागत : एक मैदानावर आणि एक मतदारांच्या मनांत.

नोटर डेमच्या पुढें संकटें दत्त म्हणून उभीं होतीं. निक एडी हा त्यांचा बिनीचा धावपटू ईस्ट लॅन्सिंगला आगगाडींतून उतरतांना पायरीवरून घसरला आणि आधींच दुखावलेला खांदा पुन्हां दुखावून बसला. सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळांत मिशिगन स्टेटच्या बबा स्मिथ नांवाच्या प्रचंड देहाच्या गड्यानें हॅनरॅटीस असें आपटलें कीं त्याचाही खांदा निकामी झाला. मग आला कोली ओब्रायन, दुसरा राखीव. या मुलास मधुमेह असल्याचें त्याच मोसमांत उघडकीस आलें होतें आणि तो रोज इन्शुलिनची सुई टोंचून घेत होता. मिशिगन स्टेटनें दहा गुण करून घेतले, त्यांतील तीन ४७ यार्डांवरून मारलेल्या लाथेचे. लाथ मारणारा डिक केनी हा हवाई बेटांतला. तो अनवाणीच मारी. नोटर डेमचें खातें कोरें होतें. अशा वेळीं ओब्रायननें बॉब ग्लॅडियू या एडीच्या बदली आलेल्या गड्याकडे चेंडू फेकला आणि ३४ यार्डांचा तो डाव रेघेपार गेला. राखिवानें राखिवाकडे दिलेला हा चेंडू! पुढें ग्लॅडियूही जायबंदी झाला. चौथ्या पावाच्या अगदीं आरंभीं जो अझारो यानें २८ यार्डांवरून तीन गुण मिळविले, आणि फलक दहा-दहा असा झाला.

आतां शोएनची घटका आली. मिशिगन स्टेटचा सूत्रधार जिमी रे हा दक्षिणेंतील नॉर्थ कॅरोलायनाचा कृष्णवर्णी विद्यार्थी. त्या काळीं दक्षिणेंतील मोठीं विद्यापीठें कृष्णवर्णी खेळाडूंना संघांत घेत नसत. त्यांचे शिक्षक डफी डॉहर्टी यांनीं अशी कितीतरी मुलें उत्तरेंत आणून देशांतला एक अव्वल संघ उभा केला होता. ही गोष्ट त्या सामन्याच्या निकालाहून मोठी आहे. परंतु तिला स्वतंत्र व्याख्यान हवें. सामना अखेरीकडे झुकत असतां रे यानें लांब चेंडू फेकला. मागें राखणीस उभ्या असलेल्या शोएननें त्यावर झडप घातली, चेंडू छातीशीं धरला आणि तो उलट दिशेनें ३१ यार्ड घेऊन धावला. प्रतिपक्षाच्या रेघेपासून अवघ्या अठरा यार्डांवर त्याला पाडण्यांत आलें. वर्षापूर्वीं बाकावर बसलेल्या मुलानें त्या वर्षाचें अजिंक्यपद आपल्या शिक्षकाच्या ओंजळींत आणून ठेवलें होतें.

पुढें तीन डाव झाले. पहिला मधून सरळ घुसण्याचा. दोन यार्ड मिळाले. दुसऱ्यांत डेव्ह हेली या धावपटूस कडेनें वळसा घालून पाठविलें, आणि मिशिगन स्टेटच्या गड्यांनीं त्याला मागच्या मागें आठ यार्ड ढकलून पाडलें. तिसऱ्यांत ओब्रायनची फेक वाया गेली. मग अझारोनें सुमारें ४१ यार्डांवरून लाथ मारली. चेंडूला जोर पुरेसा होता, पण तो उजव्या खांबाच्या किंचित् बाहेरून गेला. घड्याळांत पांच मिनिटांहून कमी वेळ उरला होता.

लोकांनीं पुढें जो गहजब केला तो शेवटच्या दीड मिनिटाबद्दल. पण हिशेब करूं पाहणाऱ्यानें वास्तविक येथेंच थांबावयास हवें. सोळाव्या यार्डावरून आणखी एकदां सरळ घुसून जेथल्या तेथेंच लाथ मारली असती तर अंतर तेहतीस यार्डांच्या आसपास राहिलें असतें. कडेच्या वळशानें आठ यार्ड गमावले गेले आणि तेंच अंतर एकेचाळीस झालें. ज्या खेळांत खांब वितीनें हुकतो त्या खेळांत आठ यार्ड म्हणजे थोडे नव्हेत. शोएनच्या झडपेचें चीज झालें नाहीं तें येथें. आणि हा डाव निवडणाऱ्यांस प्रश्न विचारावयाचा तो याच जागीं विचारावयास हवा होता. तो फारसा कोणी विचारला नाहीं. गाजणारी चूक एक आणि नडणारी चूक निराळीच, असें खेळांत तरी वारंवार दिसतें.

शेवटच्या मिनिटांत मिशिगन स्टेटनें चौथ्या प्रयत्नावर लाथेनें चेंडू परत दिला. नोटर डेमच्या हातीं तो आपल्याच तिसाव्या यार्डाच्या आसपास आला. वेळ उरला मिनिटाहून थोडा अधिक. सत्तर यार्ड दूर रेघ. सर्वांची अपेक्षा अशी कीं आतां ओब्रायन लांब फेकी करील, जिंकेल नाहीं तर हरेल. पारसीगियन यांनीं तसें केलें नाहीं. चेंडू छातीशीं धरून धावण्याचे डाव एकामागून एक चालले. मिशिगन स्टेटचे गडी समोरून टोमणे मारूं लागले. त्यांनीं घड्याळ थांबवून पाहिलें. प्रेक्षकांनीं हुर्यो केली. मध्येंच चौथ्या प्रयत्नांत एक यार्ड कमी पडत असतां नोटर डेमनें लाथ न मारतां तो यार्ड अंगबळावर काढला. हुकला असता तर चेंडू केनीच्या पायाच्या टप्प्याजवळ प्रतिपक्षास मिळाला असता. पारसीगियन यांस भित्रे ठरविणाऱ्यांस हा डाव सहसा आठवत नाहीं. मग एकदां ओब्रायन फेकण्यासाठीं मागें सरला तों बबा स्मिथनें त्याला पाडलें. आणखी एक साधा डाव, आणि वेळ संपली. दहा-दहा.

आपल्याकडील कुस्तीच्या मैदानांतही तासभर झोंबी होऊन कुस्ती बरोबरींत सोडविली म्हणजे लोक नाराजीनेंच उठतात. क्रिकेटचा अनिर्णित सामना मात्र मुकाट्यानें सोसतात. अमेरिकन मन या बाबतींत आपल्या कुस्तीवाल्यांच्या जातीचें. एका प्रसिद्ध क्रीडासाप्ताहिकानें नोटर डेमची उघड टर उडविली. जॉर्ज गिप हा नोटर डेमचा तरुण खेळाडू १९२० सालीं वारला. त्याच्या नांवानें संघास जिंकण्याची हांक देण्याची कथा त्या विद्यापीठांत जपलेली आहे. त्याच गिपच्या नांवानें आतां बरोबरी करावी, असें त्या लेखकानें उपरोधानें सुचविलें. हा डाग पारसीगियन यांच्यावर जन्मभर राहिला. २०१७ सालीं ते वारले तेव्हांही दहा-दहाची आठवण निघाल्याशिवाय राहिली नाहीं.

त्यांचें म्हणणें साधें होतें. दहा गुणांनीं मागें पडलेल्या, बिनीचे गडी गमावलेल्या मुलांनीं झुंजून जी बरोबरी मिळविली ती एका आंधळ्या फेकींत घालवावी असें त्यांना वाटलें नाहीं. ओब्रायन थकला होता; त्याच्या शेवटच्या फेकी वायां जात होत्या. मिशिगन स्टेटचे राखणदार खूप मागें सरून लांब फेकीचीच वाट पाहत उभे होते. चेंडू त्यांच्या हातीं पडता तर केनीची एक लाथ पुरे होती. आणि एक गोष्ट मोठ्यानें बोलली जात नव्हती तरी सर्वांस ठाऊक होती : मिशिगन स्टेटचा मोसम त्या दिवशीं संपला, नोटर डेमचा एक सामना अजून उरला होता. पुढच्याच आठवड्यांत त्यांनीं सदर्न कॅलिफोर्नियाचा ५१-० असा धुव्वा उडविला, आणि दोन्ही वृत्तसंस्थांच्या मतदानांत अजिंक्यपद नोटर डेमला मिळालें. एका प्रतिष्ठित संस्थेनें मात्र आपलें मॅकार्थर पात्र दोन्ही संघांस मिळून दिलें. ॲलाबामाचा संघ सारे सामने जिंकून तिसरा राहिला, ही आणखी एक तक्रार.

येथें एक भेद दाखविला पाहिजे. डॉहर्टी यांनींही शेवटीं चौथ्या प्रयत्नांत लाथ मारून चेंडू सोडून दिलाच होता. तीही सावधगिरीच. पण दोष आला तो ज्याच्या हातीं चेंडू शेवटीं राहिला त्याच्या माथीं. पारसीगियन यांनीं ज्या नियमाखालीं न्याय व्हावयाचा तो नियम ओळखून निर्णय केला. मतांनीं ठरणाऱ्या अजिंक्यपदांत हार महाग आणि बरोबरी स्वस्त होती. तो भाव त्यांनीं ठरविलेला नव्हता. तरीही मुलांच्या बाजूनें पाहतां खंत उरते. ज्या शोएननें धोका पत्करून, जागा सोडून पुढें झडप घातली, त्याचा संघ अखेरीस धोका टाळून थांबला.

याच्या नेमकें उलट वागणाऱ्या शिक्षकाचें काय झालें तें १९८४ सालीं दिसलें. मधल्या काळाबद्दल एवढेंच सांगणें पुरे कीं १९५८ पासून महाविद्यालयीन खेळांत रेघ ओलांडल्यावर लाथेनें एक गुण घेण्याऐवजीं पुन्हां एक डाव खेळून दोन गुण मिळविण्याची मुभा होती. २ जानेवारी १९८४ च्या रात्रीं मायामी येथील ऑरेंज बोल सामन्यांत टॉम ऑझबर्न यांचा नेब्रास्का संघ उतरला तो बारा सामने जिंकून, पहिल्या क्रमांकानें. समोर स्थानिक मायामी विद्यापीठ. नेब्रास्काचा नामांकित धावपटू माइक रोझियर याचा पाय मुरगळला आणि जेफ स्मिथ हा राखीव गडी आला. या राखिवानें सामना फिरविला. संघ चौदा गुणांनीं मागें असतां त्यानें एकदां रेघ ओलांडली, आणि अवघे ४८ सेकंद उरले असतां चौथ्या प्रयत्नावर २४ यार्ड धावून पुन्हां ओलांडली. मायामी ३१, नेब्रास्का ३०.

लाथेचा एक गुण घेतला असता तर बरोबरी, आणि बरोबरींत अजिंक्यपद नेब्रास्काचें हें जवळजवळ निश्चित होतें. पारसीगियन यांचाच मार्ग समोर उघडा होता. ऑझबर्न यांनीं दोन गुणांचा डाव पुकारला. सूत्रधार टर्नर गिल यानें स्मिथकडेच चेंडू फेकला. मायामीचा सेफ्टी केनी कॅल्हून यानें मध्यें हात घातला. बोटांचा स्पर्श झाला, चेंडूची दिशा किंचित् बदलली आणि तो स्मिथच्या हातीं न लागतां जमिनीवर पडला. अजिंक्यपद मायामीस गेलें. ऑझबर्न यांस त्यानंतर दहा वर्षें वाट पाहावी लागली. त्यांचें पहिलें अजिंक्यपद १९९४ च्या मोसमाचें. पण त्या रात्रीबद्दल त्यांची कोणी टर उडविली नाहीं. एकानें पद मिळविलें आणि टीका सोसली, दुसऱ्यानें पद गमावलें आणि मान मिळविला. लोकांना निकालाहून वृत्ति अधिक आवडते असें यावरून म्हणतां येईल. पण निकाल सोसावे लागतात ते खेळणाऱ्या मुलांना, हेंही तितकेंच खरें.

नियतीचा खेळ असा कीं चार वर्षांनीं तोच ३१-३० चा आंकडा मायामीवर उलटला. १५ ऑक्टोबर १९८८ रोजीं ते नोटर डेमच्या मैदानावर खेळत होते. मोसमांतील नेमलेल्या सामन्यांत त्यांनीं सलग ३६ विजय मिळविलेले. शिक्षक जिमी जॉन्सन. पाऊण मिनिट उरलें असतां मायामीनें रेघ ओलांडून ३०-३१ असें अंतर आणलें, आणि जॉन्सन यांनींही दोन गुणांचीच मागणी केली. नोटर डेमच्या बचावांत पॅट टेरेल हा सेफ्टी उभा होता. हाही शोएनसारखा दुसऱ्या जागेवरून आणलेला गडी. पूर्वीं त्याचें काम फेकलेले चेंडू झेलण्याचें. त्याच सामन्यांत त्यानें एक चेंडू मध्येंच हिसकावून ६० यार्ड धावत रेघ ओलांडली होती. आतां स्टीव्ह वॉल्श याची फेक त्यानें उडी मारून खालीं पाडली. त्या मोसमांत नोटर डेम बारा सामने जिंकून अजिंक्य ठरलें आणि मायामी, केवळ हाच सामना हरून, दुसरें राहिलें.

१९९६ सालापासून वरच्या गटांतील महाविद्यालयीन सामन्यांस ज्यादा डावांचा नियम लागू झाला. बरोबरी झालीच तर आरंभीं दोन्ही संघांस आळीपाळीनें पंचवीस यार्डांवरून चेंडू मिळतो, आणि कोणी एक जिंकेपर्यंत खेळ चालतो. पारसीगियन यांच्यापुढें जो प्रश्न उभा राहिला तो आतां कोणत्याही शिक्षकापुढें त्या रूपानें येत नाहीं. सेफ्टी मात्र पूर्वींच्याच जागीं, सर्वांच्या मागें, उभा असतो.